टॅरोचे ते छप्पन्न पत्ते: काठी, पेला, तलवार आणि नाणं

टॅरो, म्हणजे भविष्य बघायला वापरतात ते चित्रांचे पत्ते, शिकायला घेतलं की सगळ्यांचं लक्ष आधी त्या मोठ्या बावीस पत्त्यांकडे जातं. डेथ, लव्हर्स, टॉवर, सन वगैरे. सिनेमात पण तेच दाखवतात. आणि मग उरलेले छप्पन्न समोर आले की माणूस गांगरतो, कारण तिथे कुठे सहा पेले, कुठे नऊ तलवारी, आणि सोबतच्या छोट्या पुस्तिकेत प्रत्येकाचे चार शब्दांत अर्थ दिलेले, सरळ पडला तर वेगळा, उलटा पडला तर वेगळा, म्हणजे एकूण एकशे बारा अर्थ पाठ करायचे. मी पण सुरुवातीला वही घालून पाठ केले होते. पण पाठ केलेले अर्थ पत्ता समोर आल्यावर कामाला येत नाहीत, कारण चित्रात काय चाललंय ते बघायचं सोडून आपण वहीतला शब्द आठवत बसतो.

माझं म्हणणं असं की हे छप्पन्न पत्ते पाठ करायचेच नसतात. चार वस्तू आहेत, रोजच्या वापरातल्या. त्या वस्तू कशासाठी वापरतात हे कळलं आणि चित्राकडे नीट बघितलं की बराचसा अर्थ आपोआप हाताला लागतो. आणि आपल्या मराठीत तर ह्या चारही वस्तूंचे अर्थ वाक्प्रचारांत आधीच बसलेले आहेत, ते पुढे सांगतेच.

आधी गठ्ठा समजून घेऊ. एकूण ७८ पत्ते. ज्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत मेंढीकोट खेळलंय त्यांना हे दोन मिनिटांत कळेल. आपल्याकडे बदाम, चौकट, किलवर, इस्पिक असे चार रंग, आणि त्यातलाच एक त्या डावापुरता हुकूम होतो, म्हणजे बदाम हुकूम असेल तर बदामाची दुर्री पण इस्पिकच्या एक्क्याला कापते. टॅरोमध्ये हुकमासाठी वेगळा पाचवा संच आहे, कायमचा हुकूम. तेच ते मोठे पत्ते, एकवीस आणि त्यांच्या जोडीला एक 'द फूल' म्हणजे खुळा, असे बावीस. इटलीत त्यांना त्रिओंफी म्हणायचे आणि इंग्रजीतला ट्रम्प हा शब्द त्याच घराण्यातला. बाकीचे छप्पन्न म्हणजे आपले साधे चार रंग, प्रत्येकी चौदा पत्ते. आपल्याकडे तेरा असतात, इथे गुलाम आणि राणी यांच्या मध्ये एक घोडेस्वार जास्तीचा बसलेला असतो, तो नाईट.

म्हणजे टॅरो हा मुळात खेळायचा गठ्ठा होता. उत्तर इटलीत, मिलान, फेरारा, फ्लॉरेन्स ह्या भागात १४४० च्या आसपास त्याचे पहिले उल्लेख सापडतात. मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेले पत्ते आजही आहेत, काही न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत, काही इटलीतल्या बेर्गामोमध्ये. पुढची तीनशेपेक्षा जास्त वर्षं लोक त्यावर डाव खेळत होते, भविष्य बघणं फार नंतर आलं. फ्रान्स आणि ऑस्ट्रियामध्ये अजूनही टॅरोचा डाव खेळला जातो.

आणि चार वस्तू तर टॅरोपेक्षाही जुन्या आहेत. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या मामलुक राजवटीतले हाताने रंगवलेले पत्ते आहेत, १९३० च्या दशकात एका अभ्यासकाच्या नजरेस पडले. त्यात चार रंग कोणते? पेले, दिनार-दिरहमसारखी नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. मामलुक हे घोडेस्वार सरदार, पोलो त्यांचा आवडता खेळ, म्हणून पत्त्यावर पोलोची काठी. हे पत्ते चौदाव्या शतकात युरोपात पोचले, १३७७ मध्ये फ्लॉरेन्समध्ये पत्त्यांवर बंदी घातल्याची नोंद आहे म्हणजे तोवर ते चांगलेच पसरले असणार. पण युरोपातल्या लोकांना पोलो माहीत नव्हता, त्यामुळे टोकाला वाकलेली ती काठी त्यांच्या हातात नुसता दांडका झाली. मला हा सगळ्यात आवडणारा भाग आहे, कारण आज जी वाँड म्हणजे जादूची छडी वगैरे म्हणून सांगतात ती सुरुवातीला घोड्यावर बसून चेंडू मारायची काठी होती.

इटालियन नावं कॉप्पे, देनारी, स्पादे, बास्तोनी. पेले, नाणी, तलवारी, दांडके. साधारण १४८० च्या सुमाराला फ्रान्समध्ये छपाईला सोपे पडतील असे आकार आले, तेच आपले बदाम, चौकट, किलवर, इस्पिक. पण जुनी नावं पूर्ण गेली नाहीत. इंग्रजीतला स्पेड म्हणजे फावडं नव्हे, ती इटालियन-स्पॅनिश तलवार आहे. पोर्तुगीजमध्ये तर आजही बदामाला कोपास म्हणजे पेले आणि चौकटला ओउरोस म्हणजे सोनं म्हणतात, पत्त्यावर चित्र फ्रेंच आणि तोंडात नाव जुनंच. तर जोड्या अशा लावतात: बदाम म्हणजे पेले, चौकट म्हणजे नाणी, किलवर म्हणजे काठ्या, इस्पिक म्हणजे तलवारी. घरात टॅरोचा गठ्ठा नसेल तरी साध्या पत्त्यांवर सराव करता येतो, फक्त घोडेस्वार नसतील आणि मोठे बावीस.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, सावंतवाडीच्या गंजिफाची. गोल पत्ते, लाखेचं काम, चिताऱ्यांनी हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात बारा पत्ते, राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण १२०. मत्स्याच्या पत्त्यावर मासे, कूर्माच्या पत्त्यावर कासवं, परशुरामाच्या पत्त्यावर परशू. म्हणजे वस्तू मोजायची आणि वस्तूवरून रंग ओळखायचा, तत्त्व अगदी तेच. गंजिफा आपल्याकडे इराणकडून आला, बाबराने १५२७ मध्ये सिंधमध्ये कुणाला तरी गंजिफा पाठवल्याचं त्यानेच लिहून ठेवलंय. आणि साम्य बघा, गंजिफात निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्या रंगांत उलटं, एक्का मोठा. जुन्या टॅरोच्या डावात पण असंच, तलवार आणि काठी ह्या लांब वस्तूंत दश्शी मोठी, पेला आणि नाणं ह्या गोल वस्तूंत एक्का मोठा. इटलीतला सरदार आणि कोकणातला संस्थानिक एकाच तऱ्हेच्या उलट-सुलट हिशोबाने पत्ते टाकत होते हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

लांब आणि गोल ही विभागणी लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता अर्थ कुठून आले. १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबेलॅन नावाच्या माणसाने लिहिलं की टॅरो हे प्राचीन इजिप्तचं ज्ञान आहे, आणि चार रंग म्हणजे समाजाचे चार वर्ग: तलवार राजा आणि लढवय्या सरदारांची, पेला धर्मगुरूंचा, नाणं व्यापाऱ्यांचं, काठी शेतकऱ्यांची. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचताच येत नव्हती, ती उलगडली १८२२ मध्ये, त्यामुळे त्याला खोडून काढणारं कोणी नव्हतं आणि त्याच्या म्हणण्याला पुरावा पण काही नव्हता. चार वर्गांची ही गोष्ट मात्र अजून सगळीकडे फिरते, आणि आपल्याकडे तर लगेच चातुर्वर्ण्याशी जोडून सांगतात. तसं काही नाही, ती अठराव्या शतकातल्या एका माणसाची कल्पना आहे इतकंच.

दुसरी जोडणी जास्त टिकली. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये एलिफास लेवी ह्या गूढविद्येच्या लेखकाने आणि नंतर लंडनमध्ये १८८८ साली सुरू झालेल्या गोल्डन डॉन ह्या गूढविद्येच्या मंडळाने चार रंग चार तत्त्वांना जोडले. काठी म्हणजे अग्नी, पेला म्हणजे पाणी, तलवार म्हणजे हवा, नाणं म्हणजे माती. ग्रीकांची तत्त्वं चारच, आपली पाच, आकाश त्यांच्याकडे ह्या यादीत नाही. देनारीचं, म्हणजे साध्या नाण्याचं, पेंटॅकल झालं, म्हणजे पाच टोकांची चांदणी कोरलेली चकती, ते पण ह्याच काळात.

म्हणजे अर्थ नंतर चिकटवलेत. पण म्हणून ते टाकाऊ आहेत असं मला वाटत नाही. चिकटलेले अर्थ टिकले कारण ते वस्तूंना शोभतात. आता एकेक बघू, आणि मी आज सगळीकडे मिळणाऱ्या रायडर-वेट गठ्ठ्यातली चित्रं धरून सांगते, कारण बहुतेक जण त्यावरच शिकतात. मार्सेय म्हणजे जुन्या फ्रेंच पद्धतीचा गठ्ठा घेतलात तर त्यात सिक्स ऑफ कप्स म्हणजे नुसते सहा पेले मांडलेले दिसतील, माणसं नाहीत, प्रसंग नाही, नवीन शिकणाऱ्याला तो जड जातो.

पेला. पेल्याचं काम भरणं आणि ओतणं. मराठीत आपण काय म्हणतो? मन भरून आलं, आनंद उतू गेला, मन मोकळं केलं, आतून रितं रितं वाटतंय. सगळी क्रियापदं पाण्याची आणि भांड्याची. मग कप्स म्हणजे भावना हे वेगळं पाठ कशाला करायचं. प्रेम, मैत्री, नातं, दुःख, आठवणी, स्वप्नं हे सगळं ह्या चौदा पत्त्यांत. थ्री ऑफ कप्समध्ये तीन मैत्रिणी पेले उंचावून नाचताहेत, पायाशी भोपळा-फळं पडलेली, सुगीचे दिवस. सिक्समध्ये लहान मुलं आणि पेल्यांत फुलं, बालपणाची आठवण. सेव्हनमध्ये एक माणूस अंधारात उभा आणि समोर ढगात सात पेले, एकात दागिने, एकात किल्ला, एकात साप, एकात राक्षसासारखा ड्रॅगन, म्हणजे मनोरथ भरपूर आणि हातात अजून एकही पेला नाही.

फाइव्ह ऑफ कप्स हा मला सगळ्यात जवळचा पत्ता. काळा अंगरखा ओढून एक माणूस खाली मान घालून उभा आहे. समोर तीन पेले सांडलेत. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि नुकसान, शोक असं सांगून मोकळे होतात. पण त्याच्या पाठीमागे दोन पेले उभे आहेत, न सांडलेले, आणि लांब नदीवर एक पूल आहे, पुलापलीकडे घर. हे त्याला दिसत नाहीये कारण त्याचं तोंड दुसरीकडे आहे. माझ्या बाबांना जाऊन तीनेक महिने झाले असताना हा पत्ता निघाला होता आणि मी बराच वेळ नुसती त्या पुलाकडे बघत बसले होते. पत्ता त्या माणसाला म्हणत नाही की मागे वळ. तो त्याला शोक करू देतो. फक्त पूल चित्रात आहे.

तलवार. लोक ह्या रंगाला घाबरतात आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण अर्धी भीती न समजल्यामुळे आहे. तलवार म्हणजे हवा, हवा म्हणजे विचार आणि वाणी, हे पहिल्यांदा ऐकलं की विचित्र वाटतं. पण परत आपल्या भाषेकडे या. तोडून बोलणं. टोचून बोलणं. शब्द जिव्हारी लागणं. जिभेला धार असणं. आणि चांगल्या बाजूने पण, बुद्धी तल्लख आहे, धारदार युक्तिवाद केला, एक घाव दोन तुकडे करून टाक. म्हणजे बोलणं आणि विचार करणं ही कापायची कामं आहेत हे आपल्याला आधीच माहिती आहे. विचार म्हणजे हे आणि ते वेगळं करणं. एस ऑफ सोर्ड्समध्ये ढगातून निघालेल्या हातात सरळ उभी तलवार आणि टोकावर मुकुट, म्हणजे लख्ख कळणं.

मग बाकी पत्ते इतके दुःखी का? कारण हा रंग डोक्यात चाललेल्या त्रासाचा आहे. टू ऑफ सोर्ड्समध्ये बाई डोळ्यांवर पट्टी बांधून, दोन तलवारी छातीवर आडव्या धरून बसलीये, मागे समुद्र आहे आणि खडक, पण ती बघत नाही, निर्णय टाळतेय. नाइनमध्ये कोणीतरी मध्यरात्री अंथरुणात उठून तोंड हातांत लपवून बसलंय, तलवारी मागच्या भिंतीवर ओळीने. नीट बघा, एकही तलवार त्या माणसाला लागलेली नाही. ही झोप उडवणारी काळजी आहे, जखम नाही. एटमध्ये बाई बांधलेली, डोळ्यांवर पट्टी, भोवती तलवारी रोवलेल्या, पण पाय मोकळे आहेत आणि समोरची बाजू उघडी आहे. सिक्समध्ये नावाडी एका बाईला आणि मुलाला पलीकडे नेतोय, होडीच्या एका बाजूचं पाणी लाटांचं आणि दुसऱ्या बाजूचं सपाट, आणि सहा तलवारी होडीतच उभ्या आहेत, म्हणजे जाताना त्रासाचं ओझं सोबतच चाललंय पण माणूस निघालाय.

आणि टेन ऑफ सोर्ड्स. माणूस पालथा पडलेला, पाठीत दहा तलवारी. माझ्या एका मैत्रिणीला हा पत्ता काढून एका रीडरने, म्हणजे पत्ते वाचून सांगणाऱ्याने, सांगितलं होतं की घरात कोणाचा तरी मृत्यू आहे, शांती करावी लागेल, आणि त्याचे वेगळे पैसे. ती महिनाभर नीट जेवली नाही. मला ह्याचा राग येतो, कारण ज्याने पत्ता नीट बघितलाय तो असं बोलूच शकत नाही. हा विचारांचा रंग आहे, दश्शी म्हणजे ती गोष्ट टोकाला जाऊन संपली, आणि वर आभाळ काळं असलं तरी क्षितिजावर पिवळा उजेड आहे, पाणी स्थिर आहे. एखादं नातं, एखादी नोकरी, एखादा समज पूर्ण संपला, आता त्यात जीव राहिला नाही असं पत्ता सांगतो. पत्ते कुणाच्या आयुष्याची तारीख सांगत नाहीत. तसं सांगून पैसे मागणाऱ्याकडून सरळ उठून यावं, ह्यात भीड धरू नये.

काठीबद्दल थोडक्यात सांगते. ह्या गठ्ठ्यातल्या काठ्या तासलेल्या नाहीत, त्यांना पानं फुटलेली आहेत. हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं तेव्हा मला आपला पालवी फुटणे हा शब्दप्रयोग आठवला आणि मग वेगळं काही लागलं नाही. मनाने उभारी धरली, पालवी फुटली, पेटून उठला, कामाची धग आहे त्याच्यात. वाँड्स म्हणजे उमेद, धडपड, नवीन काहीतरी करायची खुमखुमी. थ्रीमध्ये माणूस उंचावरून समुद्रातली जहाजं बघतोय. फाइव्हमध्ये पाच पोरं काठ्या घेऊन भिडलीत, पण कोणाला लागलेलं नाही, आखाड्यातल्यासारखं. एट हा विशेष पत्ता, माणूसच नाही, आठ काठ्या हवेतून सुसाट चालल्यात, म्हणून त्याचा अर्थ वेग, निरोप. आणि टेनमध्ये तोच उत्साही माणूस दहाही काठ्या कवेत घेऊन वाकून चाललाय, समोरचं गाव त्याला दिसतसुद्धा नाही. सगळी कामं स्वतःच्याच अंगावर घेणाऱ्या प्रत्येकाने हा पत्ता एकदा बघावा.

नाणं, म्हणजे माती, म्हणजे हाताला लागतं ते सगळं. पैसा तर आहेच, पण शरीर, घर, जमीन, हातातलं कसब पण. पेंटॅकल्स निघाले की लोक लगेच किती पैसे मिळणार विचारतात आणि मला नेहमी एट दाखवावासा वाटतो, त्यात एक कारागीर बाकावर बसून हातोडी-छिन्नीने एकेक नाणं घडवतोय, झालेली नाणी खांबाला टांगलीत, एक अजून हातात. नाणं मिळत नाहीये त्याला, तो ते बनवतोय. थ्रीमध्ये चर्चमध्ये काम करणारा पाथरवट आणि त्याच्याशी आराखडा धरून बोलणारे दोघं, म्हणजे कौशल्याला मिळालेला मान. फोरमध्ये माणसाने एक नाणं छातीशी कवटाळलंय, दोन पायाखाली, एक डोक्यावर, हलताच येत नाहीये त्याला. फाइव्हमध्ये बर्फात दोन गरीब माणसं, एक कुबड्यांवर, आणि वरती चर्चची रंगीत काचेची खिडकी उजळलेली. ती आत का जात नाहीत? दार चित्रात दाखवलेलंच नाही. काही म्हणतात मदत जवळ आहे पण त्यांना दिसत नाही, मला मात्र वाटतं की ज्याच्याकडे काही नाही त्याला दार पण नसतं, हे चित्रकर्तीने मुद्दाम केलंय. तुम्ही तुमचं ठरवा, असं ठरवणं म्हणजेच पत्ता वाचणं.

आकड्यांचं पण एक गणित आहे आणि ते चारही रंगांत चालतं. एक्का म्हणजे बी, सुरुवात, म्हणून चारही एक्क्यांत ढगातून हात येऊन ती वस्तू देतोय. दोन म्हणजे जोडी किंवा दोनांतली निवड, तीन म्हणजे वाढ, चार म्हणजे थांबलेलं, टेकलेलं, घराच्या चार भिंतींसारखं. पाचला ते मोडतं. चारही पंज्या काढून शेजारी ठेवा, सांडलेले पेले, बर्फातली माणसं, काठ्यांची मारामारी, आणि फाइव्ह ऑफ सोर्ड्समध्ये जिंकून हसणारा माणूस आणि पाठ फिरवून चाललेले दोघं, एकही सुखाचा पत्ता नाही. सहाला जरा श्वास मिळतो, सातला कसोटी, आठला हालचाल किंवा कष्ट, नऊला गोष्ट जवळजवळ पूर्ण. दहाला शेवट. आता ते लांब आणि गोल आठवा. टेन ऑफ कप्समध्ये इंद्रधनुष्याखाली कुटुंब, टेन ऑफ पेंटॅकल्समध्ये आजोबा, नातवंड, कुत्री, भरलं घर. आणि टेन ऑफ वाँड्स, टेन ऑफ सोर्ड्स दोन्ही त्रासाचे. पेला आणि नाणं साठवता येतं, जास्त झालं तर बरंच. तलवार आणि काठी वापरायच्या वस्तू, दहा जमल्या की त्यांचं ओझंच होतं. हे मी कुठे वाचलेलं नाही, पत्ते मांडून बसल्यावर दिसलं, पण मला ते पटतं.

उरले सोळा माणसांचे पत्ते, पेज (म्हणजे आपला गुलाम), नाईट, क्वीन, किंग. ह्यांना व्यक्ती समजा किंवा स्वभाव समजा. सगळ्यात सोपं म्हणजे चार घोडेस्वार शेजारी ठेवून नुसते घोडे बघा. वाँड्सचा घोडा मागच्या पायांवर उभा राहिलाय, कप्सचा संथ चाललाय, सोर्ड्सचा वाऱ्यासारखा सुटलाय आणि मागची झाडं पण वाकलीत, पेंटॅकल्सचा नांगरलेल्या शेतात स्थिर उभा आहे. चार घोड्यांत चार रंगांचे स्वभाव आले. राण्यांमध्ये क्वीन ऑफ कप्सचा पेला बघा, बाकी पेले उघडे आणि हिच्या पेल्याला झाकण आहे, मनात खूप आहे पण ती सगळ्यांना दाखवत नाही. वाँड्सच्या पेज, नाईट आणि किंगच्या कपड्यांवर पाली दिसतील, त्या सॅलॅमँडर आहेत, आगीत जगतो असं युरोपात मानलेला प्राणी.

एक उदाहरण घेऊ म्हणजे सगळं जुळेल. समजा कोणी विचारलं, नोकरी बदलू का, आणि तीन पत्ते आले: एट ऑफ पेंटॅकल्स, टू ऑफ सोर्ड्स, थ्री ऑफ वाँड्स. मी आधी रंग बघते. माती, हवा, अग्नी. पाणी नाही, म्हणजे हा प्रश्न भावनेत अडकलेला नाही, ऑफिसमधल्या कुणाशी मन दुखावलंय वगैरे नाही. मग चित्रं. काम मन लावून केलंय, हातात कसब आहे. मधे डोळ्यांवर पट्टी, म्हणजे माहिती गोळा करायचं टाळलं जातंय, पगार किती, शहर कोणतं, हे अजून विचारलेलंच नाही. शेवटी जहाजांकडे बघणारा माणूस, मनाने तो निघालाय. ह्यात भविष्य कुठेच नाही. पण समोरच्याला आपण कुठे अडलोय ते दिसतं आणि बहुतेक वेळा तो स्वतःच म्हणतो, हो, मी त्यांना फोनच केलेला नाही. मी पत्त्यांकडे असंच बघते. पत्त्यांना उद्याचं कळतं असं मी मानत नाही, पण आजचं बोलायला ते फार चांगलं निमित्त आहेत. उलटे पत्ते सुरुवातीला वापरू नका, सगळे सरळ धरा, आधी चित्रांची ओळख होऊ दे.

आणि ही चित्रं जिने काढली तिचं नाव सांगते. पामेला कोलमन स्मिथ. १८७८ चा जन्म, लंडनची, आईवडील अमेरिकन, लहानपणाचा काही काळ जमैकात गेला, चित्रकला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये शिकली, मग लंडनच्या लायसियम थिएटरच्या मंडळींसोबत हिंडली. बऱ्याच पत्त्यांत सपाट जमीन आणि मागे पडद्यासारखा देखावा दिसतो, ती रंगभूमीची सवय. आर्थर वेट ह्या गोल्डन डॉनच्या सदस्याने तिच्याकडून १९०९ मध्ये हा गठ्ठा काढून घेतला आणि त्याच वर्षअखेरीला रायडर कंपनीने तो छापला. मोठ्या पत्त्यांवर वेटचं बारीक लक्ष होतं, पण ह्या छप्पन्न पत्त्यांत तिला बरीच मोकळीक होती असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. त्याआधी पंधराव्या शतकाच्या अखेरीचा इटलीतला सोला-बुस्का नावाचा गठ्ठा सोडला तर छोट्या पत्त्यांवर प्रसंग फारसे कोणी काढलेच नव्हते. त्या गठ्ठ्याचे फोटो १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आले होते, तीन तलवारींनी भोसकलेलं हृदय त्यातही आहे आणि पामेलाच्या थ्री ऑफ सोर्ड्समध्येही, बाकी ढग आणि पाऊस तिने भरला.

तिने तेव्हाच एका परिचिताला पत्रात कळवलं होतं की मोठं काम संपवलंय आणि पैसे फारच थोडे मिळालेत. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं, ते फेडायला तिचं सामान विकावं लागलं. गठ्ठ्याला नाव मात्र छापणाऱ्याचं आणि वेटचं लागलं, आता कुठे काही लोक वेट-स्मिथ म्हणायला लागलेत, मला पण ती सवय लावून घ्यायची आहे. पुढच्या वेळी पत्ता हातात आला की चित्राच्या खालच्या भागात, बहुतेक वेळा कोपऱ्यात, बारकाईने बघा, नागमोडी रेषेत गुंफलेली तीन अक्षरं दिसतील. ती तिची सही आहे.